सर्वांत बलवान कोण?

(व्हिडिओ गेममध्ये काल्पनिक प्राण्यांच्या लढती होतात. त्या लढतींमागे कोणते गणित असते, ते या पाठात एका घरगुती प्रसंगाच्या आधाराने सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुमच्यात एक वाद हटकून रंगतो. वाघ आणि सिंह यांच्यात कोण भारी? हत्ती आणि गेंडा समोरासमोर आले, तर कोण माघार घेईल? कोणीच आपला हट्ट सोडत नाही. सुट्टी संपल्याची घंटा होते, पण वाद काही संपत नाही.

मीही एकदा असाच हट्ट धरला होता आणि चांगलाच तोंडघशी पडलो होतो. ती गोष्ट आधी सांगतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेलो होतो. माझा भाचा तेव्हा सहावीत होता. त्याच्याकडे हातात मावतील असे दोन जुने व्हिडिओ गेम होते. ते केबलने जोडले, की दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता येई. दुपारची जेवणे झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मामू, माझ्याशी एक डाव खेळता का?"

खेळाचे नाव होते पोकेमॉन. त्यात नाना तऱ्हेचे काल्पनिक प्राणी असतात. प्रत्येकाने आपला प्राणी निवडायचा आणि आळीपाळीने वार करायचे. ज्याच्या प्राण्याची शक्ती आधी संपेल, तो हरला. एवढे नियम भाच्याने मला सांगितले. मी सगळ्या प्राण्यांची चित्रे पाहिली आणि त्यांतला सर्वांत रुबाबदार प्राणी निवडला. त्याचे नाव चारिझार्ड. मोठे पंख, शेपटीच्या टोकाला पेटती ज्योत आणि तोंडातून निघणारे आगीचे लोट! भाच्याने निवडला गोलेम. तो दिसायला एखाद्या गोल धोंड्यासारखा. दोघांची पातळी सारखीच होती. धोंड्याकडे पाहून मला हसूच आले.

पहिला वार माझा होता. आगीचा मोठा लोट गेला, पण धोंड्याची शक्ती थोडीशीच कमी झाली. मग भाच्याची पाळी आली. त्याने दगडांचा मारा केला आणि माझा चारिझार्ड एका फटक्यात आडवा झाला.

"मामू, तुम्ही रुबाब पाहिलात. प्रकार पाहिलाच नाहीत," भाचा म्हणाला.

स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, "खेळात मोठा शहाणा आहे! गणितात किती गुण पडले, ते विचार त्याला." भाच्याचा चेहरा एकदम उतरला. अपूर्णांकांच्या चाचणीत तो नापास झाला होता. मी विषय बदलला आणि त्याला विचारले, "प्रकार म्हणजे काय रे? मला नीट समजावून सांग."

त्या दुपारी त्याने जे सांगितले आणि नंतर मी स्वतः वाचून जे समजून घेतले, ते आता तुम्हांला सांगतो.

हा खेळ जपानचा आहे. सातोशी ताजिरी हे त्याचे जनक. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा फार छंद होता. तोक्योजवळच्या माचिदा गावात ते डबक्यांच्या काठी आणि झाडाझुडपांत किडे शोधत फिरत. पुढे शहर वाढले, डबकी बुजली आणि किडेही दिसेनासे झाले. आपण अनुभवलेला तो आनंद आजच्या मुलांनाही मिळावा, असे ताजिरींना वाटे. त्यातून या खेळाची कल्पना निघाली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचे लाल आणि हिरवा असे दोन खेळ एकदम विक्रीस आले. पोकेमॉन हे पॉकेट मॉन्स्टर या शब्दांचे लघुरूप आहे. पहिल्या खेळात १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे.

या प्राण्यांना आणि त्यांच्या प्रत्येक वाराला एक 'प्रकार' दिलेला असतो. अग्नी, जल, वनस्पती, वीज, खडक, जमीन, बर्फ, विष, कीटक, भूत असे हे प्रकार आहेत. कोणता प्रकार कोणावर भारी पडतो, हे आधीच ठरलेले असते. त्यांतली पहिली साखळी तुम्हांलाही न शिकता सांगता येईल. पाणी आगीला विझवते. आग झाडाला जाळते. झाड पाणी शोषून घेते. म्हणून जल अग्नीवर भारी, अग्नी वनस्पतीवर भारी आणि वनस्पती जलावर भारी. आता सांगा, या तिघांत सर्वांत बलवान कोण? उत्तर देता येत नाही. कारण ही शिडी नाही, हे वर्तुळ आहे. शिडीला सर्वांत वरची पायरी असते. वर्तुळाला वरची पायरी नसते.

जपानी माणसाला अशा वर्तुळाची ओळख जुनी आहे. तिथे बोटांनी खेळायचा एक जुना खेळ आहे. त्यात अंगठा म्हणजे बेडूक, तर्जनी म्हणजे साप आणि करंगळी म्हणजे गोगलगाईसारखा एक मऊ प्राणी. साप बेडकाला गिळतो. बेडूक त्या मऊ प्राण्याला खातो. पण तो मऊ प्राणी सापाला हरवतो, असे खेळात मानले जाते. तिघेही एकमेकांना भिऊन असतात. दगड, कागद, कात्री हा खेळ तर तुम्हीही खेळता. त्याचे तत्त्व हेच आहे.

पोकेमॉनच्या पहिल्या खेळात सुरुवातीलाच तुम्हांला तीन पिल्लांतून एक निवडावे लागते. एक अग्नीचे, एक जलाचे, एक वनस्पतीचे. तुम्ही निवड केली, की तुमचा प्रतिस्पर्धी नेमके तुमच्यावर भारी पडणारे पिल्लू उचलतो! तुम्ही अग्नी घेतलात, तर तो जल घेतो. तुम्ही जल घेतलेत, तर तो वनस्पती घेतो. म्हणजे चुकीची निवड अशी नाहीच आणि निर्धास्त करणारी निवडही नाही.

पुढे गावोगावच्या उस्तादांशी सामने होतात. पहिला उस्ताद खडकाचे प्राणी वापरतो. अग्नीचे पिल्लू घेणारा मुलगा तिथे हैराण होतो. दुसऱ्या गावात जलाचे प्राणी असतात. तिथेही त्याची धडगत नसते. त्याला वाटते, आपली निवडच चुकली. पण चौथ्या गावातला उस्ताद वनस्पतीचे प्राणी वापरतो. तिथे तेच अग्नीचे पिल्लू मैदान गाजवते. पिल्लू तेच, आग तीच. बदलला तो फक्त समोरचा.

आता हिशेबाकडे वळू. 'भारी पडतो' म्हणजे नेमका किती भारी पडतो? यासाठी खेळात एक कोष्टक आहे. त्याच्या आडव्या ओळींत वार करणाऱ्याचे प्रकार असतात आणि उभ्या स्तंभांत वार झेलणाऱ्याचे. आज एकूण १८ प्रकार आहेत. म्हणून कोष्टकात १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत चारच आकड्यांपैकी एक असतो. २ म्हणजे वार दुप्पट बसतो. १ म्हणजे जसाच्या तसा बसतो. १/२ म्हणजे निम्माच बसतो. शून्य म्हणजे वार मुळीच लागत नाही.

हे कोष्टक दोन्ही बाजूंनी वाचावे लागते. विजेचा वार जमिनीच्या प्राण्यावर शून्य ठरतो. तुम्ही विज्ञानात अर्थिंग शिकला आहात. वीज जमिनीत उतरून निघून जाते, तसेच हे. पण जमिनीचा वार विजेच्या प्राण्यावर दुप्पट बसतो. पिकाचू नावाचा पिवळा, गुबगुबीत प्राणी तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. तो विजेचा प्राणी आहे. जमिनीच्या प्राण्यापुढे त्याची वीज काहीच कामाची नाही. काही चौकटी तर गमतीच्या आहेत. भुताचा वार भुतावरच दुप्पट बसतो! ड्रॅगनचेही तसेच आहे.

वार करण्यात जो तरबेज, तो वार झेलण्यातही तरबेज असतो, असे मात्र नाही. बर्फाचे उदाहरण घ्या. बर्फाचा वार वनस्पती, जमीन, उडणारे आणि ड्रॅगन अशा चार प्रकारांवर दुप्पट बसतो. पण झेलायची वेळ आली, की बर्फ फक्त बर्फाचाच वार निम्मा करू शकतो. पोलादाचे अगदी उलट आहे. पोलादाचा प्राणी दहा प्रकारांचे वार निम्मे करतो आणि विषाचा तर त्याला स्पर्शही होत नाही. तरीही आग, जमीन आणि लढाऊ प्रकार यांच्यापुढे तो हार खातो.

आणखी एक नियम आहे. प्राण्याने स्वतःच्याच प्रकाराचा वार केला, तर तो दीडपट होतो. अग्नीच्या प्राण्याने आगीचा वार केला, तर दीडपट. त्याने दुसऱ्याच प्रकाराचा वार केला, तर ही वाढ मिळत नाही. ज्याचे काम त्यानेच करावे, असा हा नियम आहे.

आता खरी गंमत. काही प्राण्यांना एक नव्हे, तर दोन प्रकार असतात. माझा चारिझार्ड अग्नीचाही होता आणि उडणाराही. (तो दिसतो ड्रॅगनसारखा, पण त्याच्या प्रकारांत ड्रॅगन नाही. रूपावर जाऊ नये, ते असे.) अशा वेळी दोन्ही प्रकारांचे आकडे घ्यायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा.

खडकाचा वार अग्नीवर २ आणि उडणाऱ्यावरही २. म्हणून चारिझार्डवर तो २ × २ = ४, म्हणजे चौपट बसतो. वनस्पतीचा वार दोघांवरही १/२. म्हणून १/२ × १/२ = १/४, म्हणजे पावच बसतो. जमिनीचा वार अग्नीवर २, पण उडणाऱ्यावर शून्य. कारण जो हवेत आहे, त्याला जमिनीचा हादरा लागणार कसा? म्हणून २ × ० = ०. शून्याने गुणले, की कितीही मोठी संख्या शून्य होते. हा नियम तुम्ही वहीत लिहिला आहे. इथे तो जीव वाचवतो.

आता माझ्या पराभवाचा हिशेब मांडू. वाराचे बळ प्राण्याची पातळी, चढाई आणि बचाव यांवरही अवलंबून असते. पण त्या गोष्टी सारख्या आहेत असे धरू आणि प्रत्येक वाराचे मूळ बळ ४० मानू. गोलेम हा खडक आणि जमीन या दोन प्रकारांचा प्राणी. माझ्या आगीच्या वाराला स्वतःच्या प्रकारामुळे दीडपट वाढ मिळाली. पण आग खडकावर १/२ आणि जमिनीवर १. म्हणून दीड × १/२ = पाऊण. ४० चे पाऊणपट म्हणजे ३०. गोलेमच्या खडकाच्या वारालाही दीडपट वाढ मिळाली, आणि माझ्यावर तो चौपट बसला. दीड × ४ = ६. ४० ची सहापट म्हणजे २४०. कुठे ३० आणि कुठे २४०! तो आठपट जोराने मारत होता आणि मी त्याच्या रूपाला हसत होतो.

मग गोलेम सर्वांत बलवान झाला का? तसेही नाही. पाण्याचा वार खडकावर २ आणि जमिनीवर २, म्हणजे गोलेमवर चौपट. वनस्पतीचा वारही चौपट. मी जलाचा प्राणी निवडला असता, तर धोंडा आडवा झाला असता. मग भाच्याने जलाविरुद्ध वनस्पती काढली असती आणि वनस्पतीविरुद्ध मला पुन्हा चारिझार्डच आठवला असता. वर्तुळ पूर्ण झाले असते.

मित्रांनो, हे कोष्टक आकाशातून पडलेले नाही. ते माणसांनी बनवले आहे आणि माणसांकडून चूकही होते. १९९६ च्या खेळात १५ प्रकार होते. त्यांत मनःशक्तीचा एक प्रकार होता. खेळातलेच एक पात्र सांगते, की मनःशक्तीचे प्राणी फक्त भुतांना आणि कीटकांना भितात. पण कोष्टकात भुताच्या वारापुढे चक्क शून्य पडले होते! कीटकांचे वार दुप्पट बसत होते, पण ते मुळातच फार दुबळे होते. परिणाम असा झाला, की मनःशक्तीला आवर घालणारे कोणी उरलेच नाही. वर्तुळ तुटले आणि त्याची शिडी झाली. मग ज्याला त्याला मनःशक्तीचेच प्राणी हवे झाले.

१९९९ साली जपानमध्ये सोनेरी आणि रुपेरी हे पुढचे खेळ आले. त्यांत ही चूक सुधारली. भुताचा वार मनःशक्तीवर दुप्पट झाला. शिवाय अंधार आणि पोलाद असे दोन नवे प्रकार आले. अंधारावर मनःशक्तीचा वार शून्य ठरला. पोलादावर तो निम्मा ठरला. पुढे ड्रॅगन प्रकार फार डोईजड झाला. तेव्हा २०१३ साली परी हा अठरावा प्रकार आणला. परीवर ड्रॅगनचा वार शून्य आणि ड्रॅगनवर परीचा वार दुप्पट. एवढ्या मोठ्या ड्रॅगनला नाजूक परीने लगाम घातला! २०१६ साली मोबाइलवर पोकेमॉन गो हा खेळ आला. त्यात हे आकडे थोडे वेगळे आहेत, पण तत्त्व तेच आहे.

आता त्या दुपारकडे परत येऊ. भाचा मला भराभर उदाहरणे देत होता. मी विचारले, "गायराडॉस जलाचा आहे आणि उडणाराही. त्याच्यावर विजेचा वार किती बसेल?"

"चौपट," तो लगेच म्हणाला.

"आणि वनस्पतीचा?"

"जलावर दुप्पट, उडणाऱ्यावर निम्मा. म्हणजे जसाच्या तसा."

मी कागद घेतला. त्याची उत्तरे एकाखाली एक लिहिली. २ × २ = ४. २ × १/२ = १. १/२ × १/२ = १/४. कागद त्याच्यासमोर ठेवला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामू, हे तर अपूर्णांकच आहेत."

"हो. आणि सगळी उत्तरे बरोबर आहेत."

त्याने तो कागद उचलला आणि स्वयंपाकघरात आईला दाखवायला नेला. पुढच्या चाचणीत तो पहिला आला, असे मी सांगणार नाही. पण तो उत्तीर्ण झाला. दोन अपूर्णांकांचा गुणाकार केल्यावर उत्तर लहान का होते, हे त्याने वर्गात फळ्यावर समजावून सांगितले, असे बहिणीने मला नंतर सांगितले.

मी शिक्षक आहे. 'हा मुलगा गणितात कच्चा आहे,' असे मीही कितीदा म्हणालो असेन. कोणत्या प्रश्नात कच्चा आणि कोणत्या प्रश्नात पक्का, हे विचारायला मात्र मी विसरत असे. चित्र पाहून चारिझार्ड निवडताना मी हीच चूक केली होती. समोर कोण आहे, हे मी पाहिलेच नव्हते.

म्हणून मधल्या सुट्टीत पुन्हा कोणी 'सर्वांत बलवान कोण?' असा वाद काढला, तर त्याला उलट विचारा, "कोणासमोर?"

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सातोशी ताजिरी यांना लहानपणी कोणता छंद होता?
(आ) विजेचा वार जमिनीच्या प्राण्यावर का लागत नाही?
(इ) अठरावा प्रकार कोणता आणि तो कोणत्या साली आला?

प्र. २. लॅप्रास हा प्राणी जल आणि बर्फ या दोन प्रकारांचा आहे. आगीचा वार जलावर १/२ आणि बर्फावर २ बसतो. बर्फाचा वार दोघांवरही १/२ बसतो. लॅप्रासवर हे दोन वार किती पट बसतील, ते गुणाकार करून लिहा.

प्र. ३. 'ही शिडी नाही, हे वर्तुळ आहे' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : तोंडघशी पडणे, चेहरा उतरणे, लगाम घालणे.

प्र. ५. तुम्हांला चांगली येणारी, पण परीक्षेत कधीच न विचारली जाणारी एखादी गोष्ट आठ ते दहा ओळींत लिहा.